बोल्टला तेल कुठे आणि किती?

प्रश्न: शिकारीच्या रायफलीची नळी मी दर वेळी साफ करतो, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मात्र फडक्याने नुसता पुसतो. चालेल का?

नाही. आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मगच बोल्ट बाहेर काढा आणि त्याचं तोंड उजेडात धरा. काडतुसावर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या छिद्राभोवती काजळी दिसेल आणि चेंबरमधून काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली पितळेचा सोनेरी चुरा. खरा त्रास या चुऱ्याचा. तो साठला की नख केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) कडेवर नीट बसत नाही आणि रिकामी केस चेंबरमध्येच अडकून राहते. जुना टूथब्रश, जरासं सॉल्व्हेंट आणि नखाखाली फिरवायला लाकडी काडी, एवढ्यात काम होतं. रिकामी केस बाहेर फेकणारा इजेक्टर दांडीसारखा असेल तर त्यावर सॉल्व्हेंटचा थेंब टाकून तो काडीने चार-पाच वेळा दाबा. दर वेळी झटकन वर आला पाहिजे. डोळ्यांवर चष्मा असू द्या. शेवटी सगळं कोरडं पुसा.

प्रश्न: ग्रीस लावू की तेल?

दोन्ही, पण आपापल्या जागी. गोळी सुटताना मागे येणारा रेटा लगांच्या (बोल्टला जागी अडकवून धरणाऱ्या उंचवट्यांच्या) मागच्या बाजू झेलतात. तिथे पातळ तेल टिकत नाही. धातूवर धातू घासून ओरखडे पडतात. म्हणून तिथे ग्रीस, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. हँडल उचलताना स्प्रिंग ज्या उतारावर दाबली जाते, तिथेही तेवढंच. बोल्टच्या अंगावर तेलाचं फडकं एकदा फिरवलं की झालं.

चेंबर आणि बोल्टचं तोंड मात्र कोरडंच हवं. बार झाला की केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि थोडा भार स्वतः पेलते. तिथे तेल राहिलं तर ती पकड सुटते आणि बोल्टवर जास्त भार येतो. याबाबत मी जराही सूट देणार नाही.

प्रश्न: कडाक्याच्या थंडीत चाप ओढला, नुसता ‘टक’ आवाज आला. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) उथळ खूण होती. काडतूस खराब असेल का?

असेलही, पण मला आधी तेलाची शंका येते. बोल्टच्या आत फायरिंग पिनभोवती भरपूर तेल असलं की ते थंडीत घट्ट होतं, पिनचा वेग मंदावतो आणि ठोका कमी पडतो. आतलं तेल पूर्ण काढा, पिन कोरडी किंवा जेमतेम ओशट ठेवा. बोल्ट रायफलीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच उघडा. आतली स्प्रिंग ताणात असते. सफाईनंतरही खूण उथळच पडली तर स्प्रिंग थकली असेल, रायफल कारागिराला दाखवा.

आणि असा ‘टक’ आला की लगेच बोल्ट उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा. बार कधीकधी उशिरा होतो.

प्रश्न: एकाच मॉडेलच्या दोन रायफलींचे बोल्ट साफ करताना अदलाबदल झाले, तर बिघडतं का?

हो. बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवलेला असतो. दिसायला सारख्या दोन बोल्टांतही हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर, वेगळं निघू शकतं. बोल्टवर क्रमांक असेल तर रायफलीच्या क्रमांकाशी ताडून पाहा. तो नसेल, किंवा खात्री होत नसेल, तर हेडस्पेस गेजने (ते अंतर मोजण्याच्या मापाने) तपासून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नका.