आधी प्रश्न ठरव, मग मॉडेल

नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या पक्षीनोंदी घेतल्यास ना, मग आधी ठरव: बदकं कमी का झाली ते शोधायचंय, की पुढच्या हिवाळ्यात ती कुठे उतरतील ते सांगायचंय? कारण हवं असेल तर पाण्याची पातळी, पाणवनस्पती असे मोजकेच घटक विचारपूर्वक घे. लाखभर नोंदींत पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) इतकी लहान येते की जवळपास सगळंच ‘लक्षणीय’ ठरतं. म्हणून परिणाम केवढा ते बघ.

अंदाजासाठी रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचा एकत्रित कौल घेणारं मॉडेल) खुशाल वापर, पण तपासणी जपून. मी एकदा नोंदी सरमिसळ करून काही मॉडेलच्या शिकवणीला, काही चाचणीला काढल्या. अचूकता झकास आली. नंतर दिसलं, चापडगावच्या मनोऱ्यावरची साडेसातची नोंद शिकवणीत आणि तिथलीच आठची चाचणीत, म्हणजे उत्तर जवळपास आधीच पाहिलेलं! तेव्हापासून मी चाचणीसाठी अख्खी ठिकाणं किंवा अख्खी वर्षंच बाजूला काढतो. आणि मॉडेलने अंदाजासाठी सर्वांत महत्त्वाचा म्हणून दाखवलेल्या घटकाला अहवालात ‘कारण’ लिहू नकोस.