डॉक्युमेंटेशनमध्ये कीबोर्डच्या कीज सगळीकडे एकसारख्या लिहिल्याने खरंच काही फरक पडतो का?

तुमच्या मॅन्युअलमध्ये कुठे ‘कंट्रोल+एस’ आहे, कुठे ‘कंट्रोल-एस’, कुठे ठळक अक्षरात, कुठे चौकटीत. वरिष्ठ म्हणतात, वाचणाऱ्याला समजतंय ना, मग त्यात आठवडा कशाला घालवायचा? आणि तुम्ही विचारताय की खरंच काही फरक पडतो का.

पडतो. ‘वाचणाऱ्याला समजतं’ हे वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी ऐकलं आणि ऐकून गप्प बसले. त्याची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे.

तेव्हा मी टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या पडद्यावर, चालणाऱ्या एका टूलचं मॅन्युअल लिहीत होते. रात्रभर चालायची कामं रांगेत लावायची आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, एवढाच त्या टूलचा उपयोग. माउस नाही, मेनू नाही, सगळा कारभार एकेका अक्षरावर. स्मॉल डी दाबला की निवडलेलं एक काम रांगेतून निघायचं. कॅपिटल डी दाबला की थांबलेली सगळीच्या सगळी कामं निघायची, आणि टूल ‘नक्की ना?’ असंही विचारायचं नाही. असे जोड टर्मिनलवर काम करणाऱ्यांना नवे नाहीत. लेस या फाइल वाचायच्या प्रोग्राममध्ये स्मॉल जी फाइलच्या सुरुवातीला नेतो, कॅपिटल जी शेवटाला. व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये स्मॉल झेड दोनदा दाबला तर चालू ओळ पडद्याच्या मध्यावर येते. कॅपिटल झेड दोनदा दाबला तर फाइल सेव्ह होऊन व्हिम बंद होतं.

म्हणूनच काम सुरू करताना मी कीजसाठी दीड पानाचे नियम लिहून आमच्या टीम लीडना पाठवले होते. अक्षर कधी स्मॉल, कधी कॅपिटल, जोडायला कोणतं चिन्ह, एकामागून एक दाबायच्या कीज कशा दाखवायच्या, असं सगळं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘हे कॉस्मेटिक आहे, वाचणाऱ्याला समजतं, रिलीजनंतर बघू.’ मी वाद घातला नाही. नियम माझ्यापुरते पाळले आणि प्रत्येक की केबीडी टॅगमध्ये (वेबपानात टाइप करायच्या मजकुराला लावायची खूण), जशी दाबायची तशीच लिहिली.

रिलीजच्या आठवड्यात मॅन्युअलला नवं रूप आलं. कीजना करडी चौकट, गोल कोपरे, खाली बारीकशी सावली. दिसायला सुंदरच होतं, मलाही आवडलं. त्याच्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, केबीडीसाठी आणखी एक ओळ होती: टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म, अपरकेस. म्हणजे सगळी अक्षरं कॅपिटल दाखवा. खऱ्या कीबोर्डवर अक्षरं कॅपिटल छापलेली असतात, तर इथेही तशीच दिसू देत, एवढाच त्यामागचा विचार. त्या एका ओळीने माझ्या मॅन्युअलमधला प्रत्येक स्मॉल डी पानावर कॅपिटल डी झाला. कॅपिटल डीचं खरं वर्णन देखभालीच्या प्रकरणात होतं, बरंच पुढे, त्यामुळे दोन डी शेजारी शेजारी येऊन कुणाच्या डोळ्यात खुपले नाहीत.

रात्रपाळीला एक नवा ऑपरेटर होता, तिसराच आठवडा. त्याला एक अडकलेलं काम काढायचं होतं. त्याने मॅन्युअल उघडलं, चौकटीतला कॅपिटल डी पाहिला. या टूलमध्ये स्मॉल आणि कॅपिटल वेगळे असतात हे त्याला शिकवलेलं होतं, म्हणून त्याने मुद्दाम शिफ्ट धरून डी दाबला. चाळीसेक कामं गेली. मला आजही सगळ्यात जास्त लागतं ते हेच. पानाकडे न बघता घाईत नुसता डी दाबणारा माणूस वाचला असता. जो नीट वाचून, दाखवलंय तसं करायला गेला, तोच गोत्यात आला.

सकाळी मीटिंग. लीडनी माझ्या मॅन्युअलची मूळ फाइल प्रोजेक्टरवर उघडली आणि म्हणाले, ‘हे बघा, इथे स्मॉल डीच आहे. मॅन्युअल बरोबर आहे.’ आणि फाइलमध्ये खरंच स्मॉल डी होता. मी तेच पान प्रिंट काढून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. त्यावर चौकटीत ठसठशीत कॅपिटल डी. टेबलाच्या टोकाला बसलेला तो ऑपरेटर एवढंच म्हणाला, ‘मी पानावर होतं तेच दाबलं.’

म्हणून कुणी ‘हे फक्त फॉरमॅटिंग आहे’ म्हणालं की मला राहवत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेली की ही हाताला दिलेली आज्ञा असते. केबीडी हा टॅग वेबपानं लिहायच्या भाषेच्या १९९५ सालच्या आवृत्तीत, एचटीएमएल २.० मध्येसुद्धा होता, आणि तिथे त्याचा अर्थ ‘वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर’ असा दिला होता. टाइप करायच्या मजकुरातली अक्षरं स्टाइलशीटने परस्पर बदलायची, हे मला कुणी कितीही समजावलं तरी पटणार नाही.

आता तुमच्या अधिक आणि वजाच्या चिन्हांकडे येते. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल+के, मग कंट्रोल+एस दाबलं तर शॉर्टकटची यादी उघडते. कंट्रोल+के, मग कंट्रोल सोडून नुसता एस दाबला तर उघडलेल्या सगळ्या फाइल्स सेव्ह होतात. हे विंडोजवरचं सांगतेय. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी बोट कंट्रोलवर होतं की नव्हतं. एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी मजकुराएवढी करायला ऑल्ट, एच, ओ, आय या कीज एकामागून एक दाबायच्या असतात, एकत्र नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये जोडचिन्ह कधी ‘एकत्र धरा’ आणि कधी ‘नंतर दाबा’ असं सांगत असेल, तर वाचणाऱ्याने काय करायचं? अंदाज? माझ्या मते अधिक चिन्ह म्हणजे एकत्र, आणि एकामागून एक असेल तर सरळ ‘मग’ हा शब्द लिहावा. खुद्द अधिक किंवा वजाची की दाबायची असेल तर तिचं नाव शब्दात लिहा. ‘कंट्रोल’पुढे दोन अधिक चिन्हं ओळीने पाहून कुणालाही काही कळत नाही.

कंट्रोलसोबतचं अक्षर कॅपिटल लिहायची रूढी आहे, तिथे शिफ्ट दाबायचा नसतो. ती रूढी तशीच ठेवा. पण एकटं अक्षर दाबायचं असेल तर प्रोग्रामला जे लागतं तेच छापा, आणि शिफ्ट लागत असेल तर शिफ्ट लिहा. आपण बोलताना कीबोर्डवरच्या कीलाही बटण म्हणतो आणि पडद्यावरच्या बटणालाही बटणच. मॅन्युअलमध्ये हे चालत नाही. ‘डिलीट बटण दाबा’ वाचून निम्मे लोक माउसकडे जातात, निम्मे कीबोर्डकडे. की म्हणजे की, बटण म्हणजे पडद्यावरचं. हा एक नियम जरी तुम्ही आज लावलात तरी मदत मागणाऱ्या प्रश्नांची निम्मी टिकेटं कमी होतील असं माझं अनुभवावरून मत आहे.

ठळक की चौकटीत, याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. एक निवडा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. फक्त ठळक अक्षर आधीच पडद्यावरच्या बटणांसाठी वापरत असाल तर कीजसाठी तेच घेऊ नका.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ॲपलच्या स्टाइल गाइडमध्ये जोडायला अधिकऐवजी छोटी आडवी रेघ वापरतात, मायक्रोसॉफ्टच्या गाइडमध्ये अधिक चिन्ह. त्यामुळे फक्त मॅकसाठी लिहीत असाल तर मी वर म्हटलेलं बाजूला ठेवून ॲपलचं पाळा. मॅकवर ज्या कीवर डिलीट छापलंय ती विंडोजवाल्याच्या बॅकस्पेसचं काम करते, हेही ध्यानात असू द्या. ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांची स्वतःची जुनी लिपी आहे, कंट्रोलसाठी सी आणि मेटासाठी (आजच्या कीबोर्डवर बहुधा ऑल्ट) एम. त्यांच्यासाठी लिहिताना तीच वापरा. जर्मन कीबोर्डवर कंट्रोलच्या कीवर वेगळंच संक्षिप्त नाव असतं आणि वाय-झेडच्या जागा उलट असतात, म्हणून ‘डावीकडून पहिली की’ अशी वर्णनं टाळा. आणि माझ्या प्रसंगात टूलने खात्री करून घ्यायला हवी होती, तो दोष मॅन्युअलचा नव्हता, हेही खरं.

पण स्टाइलशीटची ती ओळ कुणी टाकली यापेक्षा ती टाकण्याआधी लेखकाला विचारावंसं कुणाला वाटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. कीजचं रूप कोण ठरवणार हे तुमच्याकडे आधी लिहून ठेवा. मॅन्युअल लिहिणाऱ्याने ठरवावं, डिझायनरने त्याला सुंदर करावं, आणि मॅनेजरने त्यात पडू नये.

मी ती ओळ त्याच दिवशी काढून घेतली. घटनेच्या नोंदीत ‘कारण’ या रकान्यात मात्र ‘ऑपरेटरची चूक’ असंच राहिलं. ते बदलावं असं सांगत मी तीनदा मेल केली, मग नोकरी सोडली. त्या मुलाच्या नावापुढे ते तसंच आहे.

तुमच्या वरिष्ठांशी वाद घालू नका. तयार झालेलं पान प्रिंट करा, प्रोग्राम उघडा आणि त्यांना बसवा. मूळ फाइल नको, त्यांना आधीपासून माहीत असलेलंही नको, पानावर जे दिसतंय तेवढंच दाबायला सांगा.