बंदूक, नळी, काडतूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रानडुकरं भात आणि ऊस दोन्ही लोळवतात. पीकरक्षणासाठी ३१५ बोअरची रायफल घ्यायचा विचार आहे. नळी केवढी असावी आणि काडतूस कोणतं?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : रायफलीचा विचार सोडा. १९५९च्या शस्त्र कायद्यातलं कलम १३ पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचाच परवाना धरून चालतं. ती पुरेशी नाही हे अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. म्हणून अर्जात ठासणीची का पुरत नाही ते नीट लिहा: पावसात दारू ओल धरते, आणि एक बार काढला की पुन्हा ठासेपर्यंत कळप निघून जातो.

कायदा बाजूला ठेवला तरी आमचं मत हेच आहे. आपल्याकडे शेताला लागून वस्ती असते. साध्या पॉइंट टू-टूची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पलीकडे जाते, मोठ्या रायफलीची तर कित्येक किलोमीटर. उसाच्या पाल्यामागे कोण आहे ते दिसत नाही. छर्रा त्या मानाने लवकर दम सोडतो. तरी मागे मातीचा बांध नसेल तर बार काढू नका.

गुळगुळीत नळीची बारा बोअर घेताना आधी चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी पाहा. नळीच्या बुडाशी ७० मिमी किंवा ६५ मिमी असा ठसा असतो. ६५च्या चेंबरमध्ये ७०चं काडतूस आत बसतं, त्यामुळेच माणूस फसतो. बार होताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. घरात वीस बोअरची काडतुसं असतील तर ती वेगळ्या कुलपात ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं. नळी रिकामी समजून मागून बाराचं घातलं की नळी फुटते.

डुकराला एलजी किंवा एसजी हा जाड छर्रा लागतो. बारीक छर्ऱ्याने जनावर जखमी होऊन उसात शिरतं, आणि जखमी डुक्कर माणसावर येतं. चोक म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण. फुल चोकमध्ये जाड छर्रे दबून वेडेवाकडे फाकतात. हाफ चोक बहुधा जास्त बरा फाका देतो. खात्री मात्र कागदावरच करायची, तीही रेंजवर. चार फुटी कागद २५ मीटरवर लावून प्रत्येक जातीच्या काडतुसाचे तीन-तीन बार काढा. दीड फुटाच्या वर्तुळात बहुतेक छर्रे पडत नसतील, तर त्या नळीसाठी ते अंतर जास्त आहे. अखंड गोळीचं काडतूस फुल चोकमधून उडवू नका.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्याने उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. त्यासाठी वनखात्याच्या आरएफओकडे पंचनाम्यासह अर्ज करा. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने कितीही पीक तुडवलं तरी त्या कारणावरून परवानगी मिळत नाही, नुकसानभरपाईच मागायची. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय हत्यार नेणं हाच वेगळा गुन्हा आहे.

प्रश्न : वडिलांकडून रीतसर नावावर आलेली ३१५ बोअर रेंजवर पावसाळ्यात डावीकडे मारते, उन्हाळ्यात बरोबर. नळी बदलावी का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नळी निर्दोष असावी, दोष लाकडाचा दिसतो. आपल्या पावसात दस्ता फुगतो आणि एका बाजूने नळीला रेटतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, मग दहाची नोट नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवत मागे न्या. एका कडेला अडत असेल तर तिथेच दाब आहे. दस्त्याचे स्क्रू तपासा. परवानाधारक कारागिराकडून ती जागा तासून आतल्या लाकडाला तेल किंवा वॉर्निश लावून घ्या.

त्यानंतर नळीचं तोंड भिंगाखाली पाहा. तोंडाकडून गज घालून साफ करत आला असाल तर कडा एका बाजूने झिजते आणि गोळी सुटताना वायू वाकडा रेटा देतो. साफसफाई नेहमी बोल्ट काढून मागून करावी. आत तेल ठेवलं असेल तर बार काढण्याआधी कोरड्या चिंधीने पुसून घ्या, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे जाते. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, गंजाने खाल्लेले असतील तरच नळीचा विषय काढा, आणि तो परवानाधारक दुकानदाराकडेच. लेथवाल्याकडून तोंड कापून घेणं म्हणजे नळी आखूड करणं; कलम ६ खाली तो गुन्हा आहे.

प्रश्न : धाकटा भाऊ कॅनडात स्थायिक आहे. तिथल्या परवान्यावर हरणाच्या शिकारीसाठी रायफल घेतोय. थर्टी-ओ-सिक्स की थ्री-ओ-एट?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्हींत गोळीचा व्यास एकच. थर्टी-ओ-सिक्सचं कवच ६३ मिमी, थ्री-ओ-एटचं ५१ मिमी. १५० ग्रेनच्या गोळीला वेगात सेकंदाला साधारण १०० फुटांचा फरक पडतो. हरणाला तो जाणवत नाही. फक्त हरीण असेल तर थ्री-ओ-एट घ्यावी : बोल्टची चाल आखूड, धक्का कमी, त्यामुळे नेम सुधारतो. मूससारखं मोठं जनावर धरायचं असेल तर थर्टी-ओ-सिक्स आणि १८० ग्रेनची गोळी. तिच्या नळीचे आटे दहा इंचांत एक फेरा घेणारे असावेत. जड, लांब गोळीला जलद फिरकी लागते, नाहीतर ती डुलत जाते. झाडीत २२ इंची नळी पुरे. एक इंच कमी झाला की सेकंदाला २०–३० फूट वेग जातो, त्यासाठी लांब नळी फांद्यांत अडकवत फिरायला नको. गोळी सॉफ्ट पॉइंटच, म्हणजे लागल्यावर फुलणारी, हवी. पूर्ण तांब्याने मढवलेली गोळी न फुलता आरपार जाते आणि जनावर हाल होऊन मरतं.

प्रश्न : परवाना बेळगावचा, निम्मी शेती चंदगड तालुक्यात. बंदूक नेता येईल?
– एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे जिल्हा किंवा कर्नाटक एवढंच असेल तर हद्द ओलांडू नका. क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी डीसी ऑफिसकडे अर्ज करा, आणि दोन्हीकडच्या जमिनीचे कागद जोडा : इकडचा आरटीसी, तिकडचा सातबारा.