आधी त्या सहीचं बोलू

पत्र:
"माझे धाकटे दीर एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. सांगलीला ॲडमिट होते, बॉडी घरी दिली नाही. जाऊ स्वतः पॉझिटिव्ह, वरच्या खोलीत बंद. तिला शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. मुलगा तेव्हा चौथीत होता, आता नववीत आहे. आम्ही तिला काही कमी पडू देत नाही. सरकारकडून पन्नास हजार आले, ते तिची सही घेऊन मामंजींच्या खात्यात ठेवले, सगळे व्यवहार तेच बघतात. पण ती अजून त्याच दुःखात आहे. बोलत नाही. काही विचारलं की 'तुम्ही म्हणाल तसं'. मागच्या आठवड्यात मुलाच्या सहलीच्या पैशांवरून एकाएकी रडायला लागली, दोन दिवस जेवली नाही. एखादा चांगला समुपदेशक सुचवाल का?
– एक थोरली जाऊ, मिरज तालुका"

थोरल्या जाऊबाई,

सगळं पत्र जावेच्या दुःखाबद्दल लिहिलंत आणि पैशांचं एका वाक्यात उरकलंत. मी त्या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे.

ही सही कधी घेतलीत? सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर ही पन्नास हजारांची मदत ठरली आणि आपल्या राज्याचा शासन निर्णय निघाला तो नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस. म्हणजे अर्ज भरताना तिचा नवरा जाऊन सात-आठ महिने झाले होते. एकाने अर्ज करायचा आणि बाकीच्या जवळच्यांनी हरकत नाही म्हणून लिहून द्यायचं, अशी ती पद्धत. तुमच्या घरात अर्ज सासऱ्यांनी केला आणि 'हरकत नाही' म्हणायचं काम बायकोच्या वाट्याला आलं. नवऱ्याच्या मरणाबद्दल तिला कुणी काही विचारलं असेल, तर ते बहुधा एवढंच.

त्याआधी विचारायची सोयच नव्हती, हे कबूल. त्या एप्रिलात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. करोनाने गेलेल्यांना कित्येक ठिकाणी पालिकेच्या कर्मचाऱ्यांनीच अग्नी दिला. समाचाराला कोण येणार? एरवी आपल्याकडे माणूस गेला की तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. येणारी प्रत्येक बाई शेजारी बसते, 'कसं गं झालं?' म्हणते, आणि तेच तेच सांगताना केव्हातरी सांगणारीला स्वतःलाच खरं वाटायला लागतं की तो गेला. तुमच्या जावेला हे मिळालं नाही. जेवणाचं ताट दाराबाहेर आणि ती आत. याबद्दल मी तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही.

पण नंतर? दार उघडलं, करोना संपला, मुलगा नववीत गेला. या सगळ्या वर्षांत ते पैसे मामंजींच्या खात्यातून हलले नाहीत.

'तुम्ही म्हणाल तसं' हे तुम्हाला दुःखाचं लक्षण वाटतं. मला ते घरातली वस्तुस्थिती ओळखून दिलेलं उत्तर वाटतं. सगळं तुम्ही म्हणाल तसंच होत असेल तर तिने दुसरं काय म्हणावं? आणि ती सहल. किती रुपये होते? आठशे? हजार? ते मागायला ती गेली कुणाकडे? नवऱ्याच्या मरणाचे पन्नास हजार ज्यांच्या पासबुकात आहेत त्यांच्याकडे. पोराच्या सहलीसाठी हात पसरून. आणि तुम्ही लिहिता, 'एकाएकी' रडायला लागली! मी तिच्या जागी असते तर नुसतं रडून थांबले नसते.

मामंजींचाही मुलगा गेलाय, ठाऊक आहे मला. पण आज त्यांची बाजू मांडायला माझ्याकडे जागा नाही. या मदतीच्या रकमेचे नियम वेगळे असतील, तरी एक ऐकून ठेवा: मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने माणसाच्या मिळकतीचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे त्याची बायको, मुलं आणि आई. वडील दुसऱ्या वर्गात. (सासूबाईंना हे जरूर सांगा. आवडेल त्यांना.)

तुमची जाऊ काही एकटी नाही. हेरंब कुलकर्णी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अशा बायकांसाठी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली, सरकारनेही २०२१ मध्येच मिशन वात्सल्य काढलं. त्या कामात कुठेही बघा, धीर देण्याच्या जोडीला वारसनोंद, सासरचा हिस्सा, नवऱ्याच्या नावचं कर्ज, मुलांची फी हे सगळं येतंच. गावातल्या आशाताईला विचारा, आसपास आणखी कुणाच्या घरी असं झालंय. त्यांना घरं पाठ असतात. तिला त्या बायकांकडे जाऊ द्या. एकटीला, तुमच्या सोबतीशिवाय.

समुपदेशक विचारलात. १४४१६, टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, दिवसरात्र चालतं, मराठीत बोलता येतं. नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या आणि दार ओढून घ्या. पण पलीकडच्या माणसाने कितीही मनापासून ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर तिला वहीपेनाचे पैसे मागायला पुन्हा मामंजींच्याच खुर्चीपुढे उभं राहावं लागलं, तर त्या फोनने काय होणार आहे?

म्हणून सोमवारी बँकेत जा. तुम्ही, ती आणि मामंजी. खातं तिच्या एकटीच्या नावाचं. पन्नास हजार आणि आजवरचं व्याज त्यात. पासबुक आणि कार्ड तिच्या हातात, पिन तिने टाकायचा, तुम्ही तिकडे बघायचं नाही. मुलाचे सरकारी बालसंगोपन योजनेचे पैसे येत असतील तर कुठल्या खात्यात जातात तेही तिथेच तपासा. अर्जच केला नसेल तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. मामंजींना तयार करायचं काम मात्र तिच्या गळ्यात घालू नका. ते तुमचं आणि तुमच्या यजमानांचं, आणि ते रविवारी रात्रीच उरकायचं. 'लोक काय म्हणतील' म्हणाले, तर लोकांना कळायचं कारण नाही म्हणा. 'तिला काय कळतंय व्यवहारातलं' म्हणाले, तर तुम्हालाही लग्न होऊन आलात तेव्हा कळत नव्हतं, हे सांगा.

त्या पैशांचं ती काय करते, हे विचारायचं नाही. साडी घेतली, माहेरी नेऊन दिले, नुसते पडू दिले, तरी नाही. सहलीचे पैसे भरायची शेवटची तारीख सोमवारच्या आधीची असेल, तर सोमवारची वाट बघू नका.