वाचक विचारतात : निकाल लागल्यावर नाट्यसंस्था काय करते?

(या वेळी उत्तरं देत आहेत कोल्हापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचे नेपथ्यकार. दिवसा ते उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणारे कारागीर, म्हणून काम करतात.)

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणी नाट्यसंस्था काढतोय. छोट्या संस्थांचं नाव पेपरात येतं ते फक्त राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल लागला की. एरवी तुम्ही करता काय? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आधी एक सांगतो, स्पर्धेला कमी लेखू नका. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी स्पर्धा नसती तर आमच्यासारख्या नोकरी-धंदेवाल्यांनी दरवर्षी नवं नाटक उभं केलंच नसतं. तारीख डोक्यावर असते म्हणून तालमी होतात. प्राथमिक फेरीत पहिले येऊन आम्ही अंतिम फेरीला निघालो, तेव्हा सेट गाडीत चढवायला पेठेतली पोरं न बोलावता आली. बक्षिसाच्या ढालीचा हा खरा उपयोग आहे.

आता एरवीचं. २०१९ चा ऑगस्ट घ्या. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या तालमीच्या जागेशेजारच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. एकेका वर्गात तीन-चार कुटुंबं, आणि बायकांना लुगडं बदलायला आडोसा नाही. आमच्यात काम करणारी एक मुलगी तिथं चपात्या वाटत होती. ती धावत आली आणि म्हणाली, "दादा, आपले फ्लॅट कुठं ठेवलेत?" फ्लॅट म्हणजे रंगमंचावर भिंती म्हणून उभ्या करायच्या रंगवलेल्या चौकटी.

गोडाऊन उघडलं. ज्या वाड्याच्या सेटला नेपथ्याचं बक्षीस मिळालं होतं, तोच काढला. फ्लॅट उभे करून मागून टेकू दिले, दाराची चौकट मधोमध बसवली. प्रत्येक वर्गात एक कोपरा तयार झाला. लेवल, म्हणजे रंगमंचावर उंची द्यायचे लाकडी चौथरे, ओळीनं मांडून त्यावर तांदळाची पोती ठेवली, म्हणजे खालून ओल लागायला नको. चिखलीच्या एका आजींनी चौकटीवरून हात फिरवत विचारलं, "सागवानी हाय व्हय रं?" प्लायवूडवर रंगवलेलं होतं. त्यांना ते खरं वाटलं, हे मला बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

संध्याकाळी मुलांना घेऊन बसायचं ठरलं, तेव्हा आमच्या दिग्दर्शिकेनं सगळ्यांना बजावलं की पुराचं नाटक कुणीही बसवायचं नाही. तिचं बरोबर होतं. ज्यानं कालच म्हैस वाहून जाताना पाहिली, त्याला तेच पुन्हा करून दाखवायला सांगू नये. मुलांनी बाजार केला, एसटी केली. कंडक्टर व्हायला भांडणं लागली. त्यातला एक मुलगा पुढं आमच्याकडं प्रकाशयोजना शिकायला आला आणि आता स्पॉट तोच सांभाळतो.

म्हणून संस्था काढताना नटांच्या आधी एक जागा शोधा. मोठी नको, पण सामान राहील आणि शेजारच्या माणसाला सहज आत येता येईल अशी.

प्रश्न : केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यावर तुमचं काम थांबलं का? – एक नाट्यरसिक, इचलकरंजी

उत्तर : ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं हे घर आमच्या डोळ्यांदेखत पेटलं. खासबागेच्या बाजूला उभी राहिलेली माणसं रडत होती, त्यात कधी नाटकाचं तिकीट न काढलेलेही होते.

काम थांबलं नाही, बदललं. तिथल्या रंगमंचाच्या मापानं कापलेले आमचे फ्लॅट शाळांच्या हॉलमध्ये बसेनात. मी ते मधून कापले, बिजागऱ्या लावल्या, घडीचे केले. आता अख्खा सेट एका 'छोटा हत्ती' टेम्पोत मावतो. त्यामुळं गावागावांतल्या देवळांच्या मंडपात प्रयोग व्हायला लागले. भाडं नाही, जेवण आणि डिझेल गावाचं. नाट्यगृह उभं राहिलं तरी हे प्रयोग बंद करायचे नाहीत, असं माझं मत मी बैठकीत मांडलंय आणि त्यावर ठाम आहे.

नाटकवाल्यांनी गावासाठी झिजणं केशवरावांपासून चालत आलंय. ८ जुलै १९२१ ला ते आणि बालगंधर्व 'संयुक्त मानापमान'साठी, म्हणजे 'मानापमान' नाटकाच्या एकत्रित प्रयोगासाठी, एकत्र उभे राहिले, ते स्वातंत्र्यचळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन तोलामोलाच्या, एकमेकांशी स्पर्धा असलेल्या मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर! त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले, वय अवघं ३१.

प्रश्न : संस्थेची नोंदणी गरजेची आहे का? – एक शिक्षिका, राधानगरी

उत्तर : हो. किमान सात सभासद लागतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात काम होतं. नोंदणी असली की संस्थेच्या नावानं बँकेत खातं निघतं आणि देणगी कुणा एकाच्या खिशात जात नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र घ्या, लेखकाची परवानगी लेखी घ्या. आणि त्यांचं मानधन पहिल्या प्रयोगाआधी पोचतं करा. रक्कम लहान असली तरी चालेल, उशीर नको.