अकीक (अ‍ॅगेट) आन् जास्पर हे रंगीत दगड शोधायला नव्यानं सुरुवात करताय?
भाऊ, उन्हाळ्यात पैठण नाहीतर गंगाखेडला गोदावरीच्या वाळूगोट्यात फिरा, पण पैठणला धरणातून पाणी कधी सोडणारेत ते विचारूनच पात्रात उतरायचं. दगड ओला करा, पातळ कडेला मोबाईलचा टॉर्च धरा, उजेड झिरपला आन् पट्टे दिसले तर अकीक, अजिबात झिरपत नसंल आन् लाल-पिवळा घट्ट असंल तर बहुतेक जास्पर.

नवे लोक चुकतात ते इथं:
- पांढरं चमकलं की गार (क्वार्ट्झ) समजतात. गारीनं काचेवर ओरखडा पडतो. चाकूनं दगडच ओरखडला तर कॅल्साइट नाहीतर झिओलाइट, म्हणजे गारीपेक्षा मऊ खनिज.
- पोतं भरून आणतात. चारच आणा, पण जागेची चिठ्ठी लावाच.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या जुन्या पांढरीवरचे (प्राचीन वस्तीच्या टेकाडावरचे) मणी मात्र तिथंच राहू द्या, हात लावायचा नाही. पॉलिशचं नंतर बघू.