सत्तेची भाषा वाचायला शिकताना

सत्तेची भाषा वाचायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'पासून करा. १९४५ चं पुस्तक, दोन-तीन बैठकींत वाचून होतं. शेतावरचे प्राणी मालकाला हाकलतात आणि मग डुकरंच सत्ताधारी होतात, अशी गोष्ट. ऑर्वेलचंच 'नाइन्टीन एटी-फोर' त्यानंतर घ्या. फ्रेंच विचारवंत फूको आणि बाकीची थिअरी सध्या बाजूलाच राहू द्या.

हातात पेन्सिल ठेवा आणि आधी क्रियापदं बघा. 'निर्णय घेण्यात आला' असं वाक्य दिसलं की समासात लिहा: कुणी घेतला? मग सौम्य शब्द हेरा. स्क्विलर, म्हणजे सत्ताधारी डुकरांचा प्रवक्ता, शिधा 'कमी केला' असं कधीच म्हणत नाही, 'फेरजुळणी' झाली म्हणतो. डुकरांचा आणि कुत्र्यांचा वाटा मात्र तेवढाच राहतो.

पलंगाचा प्रसंग तर दोनदा वाचा. प्राण्यांनी पलंगावर झोपायचं नाही, हा भिंतीवर लिहिलेला नियम क्लोव्हर घोडीला पक्का आठवतो. पण तिला वाचता येत नाही, म्हणून ती म्युरिएल शेळीला भिंतीवरचं वाचायला लावते. तिथे आता 'चादरी घालून' एवढं वाढलेलं असतं. आणि क्लोव्हरला वाटतं, आपणच विसरलो असू! मला हे पान आजही अस्वस्थ करतं.

नवीन वाचकांच्या नेहमीच्या चुका:
- हे पात्र म्हणजे अमुक नेता, एवढं कोष्टक मांडून थांबणं.
- फक्त धडधडीत खोटं शोधणं. अर्धसत्य जास्त काम करतं.
- ऐकणाऱ्यांना मूर्ख ठरवणं. राबणारा घोडा बॉक्सर मूर्ख नाही हो, विश्वासू आहे, दमलेला आहे.

पहिली तीन प्रकरणं वाचून झाली की तुमच्या खुणा इथे टाका, मिळून बघू.